चिकूचं आंगण

चिकूचा मागचा पाय निळा-काळा पडला होता आणि संध्याकाळी भाविकाचा व्हिडिओ कॉल येणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुळ्याला तिच्या कानाचं ऑपरेशन. चिकू खेळताना दिसला तरच मी आत जाईन, असं तिने आईला, बापाला, नर्सला, सगळ्यांना सांगून ठेवलेलं. ही पोरगी आठ वर्षांची आहे आणि बोलते तसं करते. मागच्या तारखेला ती हॉस्पिटलच्या कपड्यांवरच पळाली, जिन्याखाली जनरेटरमागे जाऊन बसली, आणि सापडली तोवर तारीख गेली. या वेळी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आत हाड कुजायला लागलंय, आता ढकलाढकली केली तर कान हातचा जाईल.

आणि तिचा आजा, उखर्डू नाना, तिच्या पाळीव चिकूच्या कुंपणाबाहेर मांडी घालून बसला होता, दोन्ही हात काखेत दाबून.

मी म्हटलं, "नाना, उचला ना त्याला. बघू तरी काय झालं."

नाना म्हणाले, "मी हात नही लावस."

का नाही लावत, हे समजायचं तर आधी नाना समजले पाहिजेत.

नाना आमचे शेजारी. भिंतीला भिंत. शेतात ठिबकच्या नळ्या जोडायचं काम करतात. रावेरपासून चोपड्यापर्यंत केळीवाले त्यांना बोलावतात. मूळचे एरंडोलकडचे, धाकटा भाऊ निंबाआप्पा अजून तिकडे कापूस करतो. बायको गेली, लेक सारिकाताई शिरपूरला दिलेली, घरात आता नाना आणि पाइपांचे तुकडे. डावा कान लहानपणी वाहायचा. घरच्यांनी गरम तेल ओतलं, कान गेला. डाव्या बाजूला उभं राहून बोललात तर भिंतीशी बोललात समजा. भाविकाचा कान वाहायला लागला तेव्हा जावई ज्ञानेश्वर म्हणत होता, थांबेल औषधाने. नानांनी त्याला डाव्या कानाशी मोबाईल वाजवून दाखवला. म्हणाले, "माले ऐकू नही येस. आते सांग, थांबू का?" पोरीला पहिल्यांदा धुळ्याला दाखवायला नानाच घेऊन गेले.

नावाचं पण सांगते. नानांच्या आधीची भावंडं जगायची नाहीत. मग नाना जन्मले तेव्हा आईने त्यांना सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं. शेजारणीने उचललं, आणि आईने मूठभर ज्वारी देऊन तिच्याकडून विकत घेतलं. म्हणजे यमाला वाटावं हे पोर हिचं नाहीच, कचऱ्यातलं आहे. म्हणून उखर्डू. आमच्याकडे जुन्या लोकांत असे बरेच सापडतील.

माझी शाळा नववीत सुटली तेव्हा सगळ्या गल्लीने मला ज्ञान दिलं. नानांनी पाना दिला. "धर," म्हणाले, "हाई पाइपनी टी आवळ." बस. पुढे शाळेचा विषय त्यांनी कधी काढला नाही. मी एका जागी टिकत नाही. पापडवाल्या बाईकडे नाही टिकले, मोबाईलच्या दुकानात नाही टिकले. आता दिपमालाताईच्या पार्लरमध्ये आहे, पण तिथे मला केस झाडायला आणि टॉवेल धुवायला ठेवलंय. एका बाईची भुवई मी अर्धी उडवली तेव्हापासून ताई कात्री माझ्या हातात देत नाही. माझा हात शांत नसतो, ती म्हणते. खरं आहे ते. पण नानांना कोणी काही बोललं तर माझा हातच नाही, सगळीच शांत राहत नाही मी.

तर चिकू.

सारिकाताई आणि भाविका त्याला एसटीने घेऊन आल्या. पिंजऱ्यावर ओली ओढणी टाकलेली, मे महिना, बाहेर रस्ता चिकटत होता चपलेला. भाविकाला ऑपरेशनच्या काही दिवस आधीच भरती करणार होते, हॉस्पिटलात प्राणी चालत नाही, आणि शिरपूरच्या घराला कुलूप लागणार, म्हणून चिकू नानांकडे. हॅमस्टर. तपकिरी-पांढरा, शेपूट नसल्यासारखी, मुठीत मावेल एवढा.

समोरची पुनामावशी ओट्यावरून बघत होती. तिच्या मांडीवर तिची मांजर. "काय वं सारिका, उंदीर आणला का?"

"हॅमस्टर आहे मावशी."

"मी उंदराच्या गोळ्या टाकते मोरीजवळ, आणि तुम्ही एसटीने आणा उंदीर. बरं आहे." मांजर पण ऐकत होती.

भाविकाने पिंजरा खाली ठेवला आणि नानांच्या उजव्या बाजूला येऊन बसली. तिला कोणी सांगावं लागत नाही. म्हणाली, "नाना, हा पिंजरा लहान आहे. तो गज चावतो बघा, रात्रभर. त्याला खेळायला जागा पाहिजे. लपायला, खणायला, चढायला. आणि मऊ पाहिजे. तुम्ही पाइपवाले ना?"

नानांनी पिंजऱ्यात बघितलं. चिकू खरंच गज चावत होता, करकर, वेड लागल्यासारखा.

"त्याले आंगण पाहिजे," नाना म्हणाले. "करस मी."

"रोज संध्याकाळी मला दाखवायचं. रूपाताई फोन लावेल."

"दाखाडसू."

त्या गेल्यावर नानांनी सूप काढलं. मला आधी कळलंच नाही. चिकूला सुपात ठेवलं, वरून चाळण पालथी घातली, आणि गल्लीच्या टोकाला कचऱ्याच्या ढिगाकडे निघाले. मी मागे. पुनामावशी पदर तोंडाला लावून हसत होती.

"नाना, काय चाललंय?"

"मना हाते काही जगत नही," नाना म्हणाले. साधं, भाव सांगितल्यासारखं. "पोपट मरना. वासरू मरनं. तुनी काकू गयी. हाऊ त्या पोरना जीव शे. तू इकत ले याले."

मला हसू येत होतं, पण नानांचं तोंड बघून आलं नाही. मी घरी पळाले, मूठभर ज्वारी आणली, नानांच्या हातात ओतली आणि सूप उचललं. नाना लगेच पाठ फिरवून निघाले, वळूनही न बघता. घरी आल्यावर म्हणाले, "आते हाऊ तुना. मी नुसता सांभाळस."

एवढं लक्षात ठेवा.

मग आंगण. नानांनी आधी केळीची खोकी उभी फाडून भिंत केली, मधल्या खोलीत, कूलरच्या वाऱ्यापासून बाजूला, कारण वारा थेट अंगावर नको असं मी व्हिडिओत बघितलं होतं. दुसऱ्या सकाळी भिंतीला भोक आणि चिकू गायब.

ते शोधणं मी विसरणार नाही. दार उघडं होतं. पुनामावशीच्या मोरीजवळ गोळ्या. मांजर ओट्यावर नव्हती. नाना जमिनीवर आडवे झाले, उजवा कान फरशीला लावला, आणि मला हाताने खुणावलं, हलू नको. मला न हलणं म्हणजे शिक्षा. किती वेळ गेला काय माहीत. मग नाना हळूच उठले, गव्हाच्या कोठीकडे गेले आणि मागे हात घातला. हात घातला म्हणजे नुसता आडवा लावला, पकडलं नाही. चिकू आपोआप तळहातावर चढला. गाल गव्हाने फुगलेले.

"एकच कान शे, पन चांगला शे," नाना म्हणाले. पण त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

खोकी गेली. नानांनी मोडक्या कूलरचे पत्रे काढून आणले. गुळगुळीत, चढता येत नाही, चावता येत नाही. पण पत्र्याची कड म्हणजे ब्लेड. नानांनी ठिबकची काळी नळी उभी चिरली आणि पत्र्याच्या कडेवर बसवत गेले, वरून पण, खालून पण. मी बोट फिरवून बघितलं, कुठे लागत नव्हतं. खालच्या बाजूला फट राहिली तिथे विटा लावल्या. बोगद्यासाठी आधी बारीक पाइप घेतला होता. मग नाना थांबले. चिकूला दाणे दिले, त्याने दोन्ही गाल भरेपर्यंत वाट बघितली, आणि मग पाइप त्याच्या तोंडासमोर धरून बघितला. "रिकामा जाई, भरेल अटकी." तो पाइप बाजूला टाकला, जाडा घेतला. तोंडं कानशीने घासली. जोडताना चिकटवायचं सोल्युशन लावलं नाही, नुसते दाबून बसवले, वास त्याच्या नाकात जाऊ नये म्हणून. एल्बो, टी, पुन्हा एल्बो. बघाल तर शेताचंच लहान काम.

गिरणा नदीची वाळू आणली, धुतली, कढईत भाजली, गार करून एका परातीत घातली, त्यात बाजरी पुरली. चिकूने ती परात उकरून उकरून सगळ्या खोलीत वाळू केली. एका कोपऱ्यात पाणी भरलेला माठ, तोंड घट्ट बांधून. दुपारी लाइट जायची, कूलर बंद, घर भट्टी. तेव्हा चिकू माठाला पोट लावून पसरायचा. ज्वारीचं कणीस एवढं उंच टांगलं की मागच्या पायांवर उभं राहावं लागेल. आणि झोपायला पालथं मडकं, त्याला दार फोडलेलं, आत मी कागदाच्या पट्ट्या फाडून घातल्या.

पाइपात दाणा टाकला की नाना पाइपवर नखाने वाजवायचे, टुक टुक. दोन-चार दिवसांत चिकूला ते कळलं. टुक टुक झालं की मडक्यातून नाक बाहेर.

संध्याकाळी कॉल लागला की मी फोन पत्र्याच्या आत, जमिनीवर धरायचे. चिकू एका तोंडाने घुसून तिसऱ्याच तोंडाने निघायचा. भाविका एवढी हसायची की सारिकाताई मागून म्हणायची, कानावर हात ठेव, दुखेल. पिंजऱ्याचे गज चावायचं चिकूने सोडून दिलं होतं. दारच उघडं असायचं ना त्याचं.

आणि मग ऑपरेशनच्या आदल्या दुपारी मी पार्लरमधून आले तर नाना काखेत हात दाबून बसलेले.

"उठत नही तो," नाना म्हणाले.

मी कुंपणात पाय टाकला, मडकं उचललं. आत कागद नव्हता. कापूस होता. पांढरा, मऊ, पिंजलेला, ढीगभर. त्यात चिकू. मी बोट लावलं तर चीं केलं आणि ओढत सरकला. मागच्या पायाला कापसाचा पीळ बसला होता, दोऱ्यासारखा, घट्ट. त्याच्याखाली पाय सुजून निळा, बोटं काळी. त्याने चावून सोडवायचा प्रयत्न केला असणार, कारण कापसाचे लोम, म्हणजे तंतू, ओले होते. एक टोक तोंडात गेलेलं.

"कापूस कोणी घातला?"

 कोणी म्हणजे काय, घरात नाना आणि चिकू, दोघंच.

निंबाआप्पाच्या शेतातला कापूस. नाना दर वर्षी घरच्या कापसाची एक उशी भरून आणतात. भाविका जन्मली तेव्हा तिच्या पाळण्यात हाच कापूस होता. पोरगी मऊ पाहिजे म्हणाली होती. आमच्याकडे मऊ म्हणजे काय? कापूस. दुसरं काय असतं? आणि कागदावर लेकरू झोपतं का, असं नानांना रोज खुपत असणार. उद्या तिचं ऑपरेशन, आज याला तरी चांगलं अंथरूण मिळू दे, म्हणून उशी उसवली.

मी गुरांच्या दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर म्हणाले, "मी म्हशी बघतो बाई, पण ऐक. ओढू नको. ओढलं तर पीळ अजून बसेल. कोमट पाण्याने भिजव आणि बारीक कात्रीने दोरा काप. कातडी नाही, दोरा. पाय अजून गरम आहे ना?"

मी बोट लावलं. "गरम आहे."

"मग आत्ताच कर. आणि या उन्हात त्याला बाहेर काढू नको, रस्त्यातच जाईल. उद्या सकाळी गारव्यात आण."

बारीक कात्री. दिपमालाताई एरंडोलला नवरीच्या मेकअपला गेली होती, पार्लरची चावी माझ्याकडे. धावत गेले, भुवईची कात्री आणि प्लकर घेतला, धावत आले. डोकं गरगरत होतं उन्हाने. नाना तिथेच. लाइट गेलेली. पंखा नाही, काही नाही, खिडकीतून उजेड तेवढा.

"नाना, धरा त्याला. मी कापते."

"मी हात नही लावस. तू इकत लियेल शे. तुनाच हात पाहिजे."

"मला दोनच हात आहेत."

"मी लावा आनि तो मरी गया तर?"

बघा, माणूस केळीच्या शेतात सापाला काठीने बाजूला सारतो, आणि इथे मुठीएवढ्या प्राण्याला हात लावत नव्हता. मला रडू येत होतं आणि राग पण. मी नानांच्या उजव्या कानाशी गेले.

"नाना, तुमच्या हाताने काही झालं नाही. कापसाने झालं. कापूस कोणीही घातला असता तरी हेच झालं असतं. मी घातला असता, पुनामावशीने घातला असता. हाताचं काही नाही. पण आता धरला नाही ना, तर मात्र हाताचं होईल."

मी नानांना कधी असं बोलले नव्हते. दुसरं कोणी बोललं असतं तर मी त्याला सोडलं नसतं.

नानांनी हात काढले. बघत राहिले हातांकडे. मग खांद्यावरचा रुमाल घेतला, चिकूला त्यात अलगद गुंडाळलं, डोक्यावर रुमालाचं टोक घेतलं, फक्त तो पाय बाहेर. ठिबकच्या नळीला भोक पाडताना नळी धरतात तसा, दाबायचा नाही आणि सुटू पण द्यायचा नाही.

मी वाटीत कोमट पाणी घेतलं, थेंब थेंब सोडलं. पीळ भिजला आणि दिसायला लागला. कापसाचा एकच दोरा असता तर गोष्ट वेगळी. हे केसाएवढे लोम, एकावर एक, मांसात रुतलेले. मी प्लकरने एक उचलला. कात्रीचं टोक खाली घातलं. माझा हात हलत होता. कात्री काढली. पुन्हा घातली. पुन्हा हलला.

"थांब," नाना म्हणाले. "मनगट मना गुडघावर टेक."

मी मनगट त्यांच्या गुडघ्यावर टेकवलं.

"आते श्वास सोड. सोडी दे बठ्ठा. मंग काप."

मी श्वास सोडला आणि कापलं. लोम सुटला. दुसरा. चिकूने रुमालातून मान काढली आणि नानांच्या अंगठ्यात दात रोवले. रक्त आलं. नानांचा हात तसूभर हलला नाही. "चाव," म्हणाले त्याला, "चाव बेटा. मनीच चूक शे." आणि मला, "तू कसाले थांबनी?"

मी कापत राहिले. घाम डोळ्यात जात होता, पुसायला हात नव्हता. एका जागी पीळ एवढा रुतला होता की कातडी कुठली आणि कापूस कुठला कळेना. तिथे मी परत पाणी सोडलं आणि वाट बघितली. मी. वाट. दिपमालाताईने बघितलं असतं तर विश्वास बसला नसता. मग एक पांढरं टोक वर आलं, ते धरलं, खालून कापलं, आणि सगळा पीळ कडी निघावी तसा निघून आला.

पाय मोकळा झाला. पण काळाच होता. चिकूने तो उचलून पोटाशी घेतला आणि डोळे मिटले.

तोंडातलं टोक नानांनी काढलं. ओढलं नाही, त्याच्या ओठाला पाणी लावत राहिले, मग ते आपोआप सैल होऊन बाहेर आलं. मी मडक्यातला सगळा कापूस काढला, एक लोम राहू दिला नाही, कागद घातला, आणि चिकूला आत ठेवला.

आता फोन यायचा होता.

मी म्हटलं, "नाना, माझ्याकडे परवाचा व्हिडिओ आहे. भारी आहे, कणसाला लटकतो तो. तिला सांगू नेटवर्क नाही, व्हिडिओ पाठवते. उद्या ऑपरेशन होऊन जाऊ दे, मग सांगू."

नाना अंगठ्याला चिंधी बांधत होते. "नही."

"नाना, ती पळाली तर?"

"माले पन असंच सांगेल व्हतं," नाना म्हणाले. "तेल गरम नही शे, काही व्हनार नही. पोरले खोटं नही सांगानं."

 मला अजूनही वाटत होतं व्हिडिओ पाठवावा. कान तिचा जाणार होता, आणि दोष नानांच्या डोक्यावर येणार होता, आणि मला ते चालणार नव्हतं. पण फोन वाजला आणि नानांनीच उचलला. कसा धरायचा माहीत नाही, त्यांचं अर्धं कपाळ दिसत असणार.

"नाना, चिकू कुठे?"

"भाविका, आयक. चिकूना पायले लागनं. मी त्याना घरमां कापूस घाला. मऊ शे म्हनीसन. तो कापूस त्याना पायले आवळना. मनी चूक शे. रूपानी कापी काढा."

पलीकडून सारिकाताईचा आवाज, "नाना, आत्ता कशाला सांगितलं तुम्ही," असा दबका. मला तिचा राग आला. मग भाविका म्हणाली, "मेला का?"

"नही. जित्ता शे."

"दाखवा."

मी फोन घेतला, कुंपणात बसले, मडक्यासमोर जमिनीवर धरला. मडक्याच्या दारात काळोख. काही हललं नाही.

"तो येत नाहीये," भाविका म्हणाली. आवाज रडका व्हायला लागला होता. "तुम्ही खोटं सांगताय. मेला तो."

मी काही बोलणार एवढ्यात नाना पलीकडे बसले, पाइपाच्या तोंडात बाजरीचे दाणे टाकले आणि नखाने वाजवलं. टुक टुक.

काही नाही.

टुक टुक.

फोन धरलेला माझा हात दुखत होता. मी हलवला नाही. मागे लाइट आली, कूलर घरघरला, नानांनी डोळ्यानेच मला सांगितलं, राहू दे. पुन्हा नख. टुक टुक.

मडक्यातून नाक आलं. मिशा हलल्या. मग चिकू तीन पायांवर, चौथा उचलून, पाइपापर्यंत आला. मध्ये एकदा कलंडला. उठला. दाणा उचलला, गालात टाकला. दुसरा टाकला. मग माठापाशी जाऊन टेकला आणि तिथेच बसून गाल रिकामा करायला लागला.

"लंगडतोय," भाविका म्हणाली.

"हा," नाना म्हणाले.

"दुखत असेल त्याला?"

"दुखस. पन बाहेर उना ना."

मग भाविका म्हणाली, "नाना, ते माझ्या कानात पण कापूस घालतील ना? ऑपरेशन झाल्यावर? इथल्या सगळ्यांच्या कानात आहे."

नानांनी माझ्याकडे बघितलं. 

"घालतीन," नाना म्हणाले.

"मग त्यांना सांगा, नीट बघा म्हणून. तुम्ही सांगा. मी सांगितलं तर ते हसतात."

"सांगस. मी येस सकायले."

"आणि चिकू?"

"चिकू रूपाना शे," नाना म्हणाले. "तिनी इकत लियेल शे."

नाना पहिल्या बसने गेले. जाताना पुनामावशीच्या ओट्याशी थांबून तिला म्हणाले, "मांजर बांध आज." तिने बांधली. मांजर दिवसभर आम्हाला शिव्या देत होती.

मी सकाळी गारव्यात चिकूला दवाखान्यात नेऊन आणलं. डॉक्टर म्हणाले, एखादं बोट गळून पडेल कदाचित, पाय राहील. मग मी पार्लरला गेले नाही. कुंपणात बसून राहिले. तो झोपलेला, मी बसलेली. नुसती. फोन मांडीवर.

नानांचा फोन आला तेव्हा मागे हॉस्पिटलचा कलकलाट होता.

"गयी," नाना म्हणाले. "चालीसन गयी. पाठ फिरायी, वळीसन नही देखं."

"आणि कापसाचं सांगितलं?"

"सांगं. डॉक्टर हसना. मंग म्हने, आबा, आम्ही पट्टी घालतो, तिचे लोम सुटत नाहीत. मी म्हनं, माले दाखाड. दाखाडी त्यानी. आनि चिकू?"

मी वाकून मडक्यात बघितलं. तो कागदाच्या पट्ट्या ओढून ओढून घर नीट करत होता, काळा पाय तसाच वर धरून.

"घर लावतोय," मी म्हटलं.

"पाइप वाजाडू नको," नाना म्हणाले. "झोपू दे त्याले."